गुरुवारचं सदर

पहिलं मत मी दुसऱ्याच्या टीव्हीवर बघून दिलं.
गणपती पेठेत, पारीसा चौगुल्यांच्या माडीवर,
खाली हळदीची पोती, वर सतरा माणसं
आणि पडद्यावर मुंग्या.
धाकटा चौगुले गच्चीतून ओरडायचा, "आलं का?"
आम्ही एका सुरात, "आलंतं, गेलं!"
त्या मुंग्यांतून मला जे काही दिसलं
त्याला मी गुरुवारी 'संयत अभिनय' म्हटलं.
पंधरा रुपये मिळाले.

'वकील देशमाने'च्या शेवटच्या भागात
ऐन कोर्टात लाईट गेली.
मगदूम संपादक म्हणाले, जागा सोडलीय,
साडेतीनशे शब्द, नऊच्या आत.
कंदिलाशी बसून खून कुणी केला ते मीच ठरवलं
आणि वर शेरा मारला, 'शेवट काहीसा अपेक्षित'.
शुक्रवारी आयर्विन पुलावर
एकानं सायकल आडवी घातली.
"सर, तुमी लिवलंय तसं न्हाईच की झालं.
पन तुमचं बरं हुतं."

मग रंग आले. मग केबल.
वाहिन्या चाळीस, शब्द तेवढेच.
'भडक', 'बेतीव', 'पाल्हाळ'.
लग्नातल्या भाड्याच्या भांड्यांसारखे
हेच तीन शब्द मी घरोघरी फिरवले,
परत आणून धुऊन ठेवले.

'उंबरठ्याची आण' नऊ वर्षं चालली.
नऊ वर्षं मी तिच्या मागे लागलो होतो.
एकदा लिहिलं, या घरातल्या बायका दागिने घालून झोपतात,
चोरांना पटकथेत जागा नसावी.
वाचक खूश झाले. इंदुमतीनं ते वाचलं,
पेपर घडी करून शेंगांच्या टरफलांखाली घातला
आणि साडेआठला टीव्ही लावला,
आवाज बारीक, पाठ माझ्याकडे.

मिरजेच्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर
बायकांच्या वॉर्डात एकच टीव्ही होता, छताला टांगलेला.
साडेआठला नर्सही दाराशी थांबायची.
पलीकडच्या कॉटवरची कवठेमहांकाळची अक्काताई
सुई टोचून घेतानाच उठली होती, चष्मा न लावता विचारायची,
"दीर सुटला का गं जेलातनं?"
इंदूच्या तोंडावर मास्क.
तिनं बोट हलवलं. नाही.
मग तेच बोट पुढे वळवलं. उद्या.

त्या गुरुवारी मजकूर पोचला नाही.
मगदूमांनी तिथं क्लासची जाहिरात लावली,
ती पुढे तिथंच राहिली.

दीर सुटला तो भाग इंदू गेल्यावर अकराव्या दिवशी लागला.
मी बघितला.
वाईट होता.
जेलच्या दाराला नवा रंग, दिराची दाढी चिकटवलेली.
दुसऱ्या दिवशी दुपारी परत दाखवला,
तेव्हाही बघितला.

कृष्णामाई गावभागात आली त्या साली
कात्रणांची ट्रंक जमिनीवर होती.
चार दिवसांनी उन्हात पानं सोडवायला बसलो.
चौऱ्याण्णवची स्तुती
दोन हजार आठच्या टीकेला पोटाशी चिकटलेली.
ओढलं की दोन्ही फाटायच्या.
शेवटी सगळाच लगदा रद्दीवाल्याला दाखवला,
तोही नको म्हणाला.

टीव्ही उंच फळीवर होता, नुसता दमटला होता.
दस्तगीर मुजावर आला,
मागचं झाकण काढून फुंकर मारली,
पालीचं एक अंडं हळूच बाजूला ठेवलं,
बटण दाबलं, थोडा वेळ डोळे बारीक करून बघत राहिला.
मग म्हणाला,
"चित्र हाय. आवाज गेलाय."

पस्तीस वर्षांत
मला एवढं नेमकं एकदाही लिहिता आलं नव्हतं.
विचारलं, किती झाले?
"दीडशे."
देऊन टाकले.
दर बराच वाढलाय.