गोडं पाणी

आधी दोन बघून झाल्या होत्या.
पांढरी, फायबरची: बुडाला फोड आलेले,
आत मात्र नव्या सोफ्याचा वास.
लोखंडी तर नुसती रंगाने धरून ठेवलेली.
हातोडी टेकवली
तर भोकातून पलीकडचा धक्का दिसला.

तिसरी माझ्याहून चार वर्षांनी मोठी.
नाव बोर्गहिल्ड. आधी हेरिंग धरायची, मग खडी वाहायची,
मग अठरा वर्षं एका माणसाची सवय झाली.
बेर्गेनच्या उत्तरेला, जिथे आठवड्यात पाच दिवस
आभाळ खाली उतरून बसतं, तिथे ती बांधलेली.

आस्लाक तपासनीस. फारसं बोलत नाही.
मडकं वाजवून घ्यावं
तशी त्याने फळी न् फळी वाजवली,
कान लाकडापाशी, डोळे मिटलेले.
टण. टण. टण.
मग वर, डेकच्या कडेखाली, डाव्या अंगाला
थप्प.
तिथे बोट घातलं त्याने
आणि भिजलेल्या पावासारखा लाकडाचा चुरा
माझ्या तळहातावर ठेवला.

‘समुद्र?’ मी विचारलं.
‘छे,’ तो म्हणाला, ‘पाऊस.’

एकसष्ट वर्षं किनाऱ्यावर काढली,
शाळेच्या भटारखान्यात रोज मासे उकडले,
आणि हे मला कुणी सांगितलं नाही:
खारं पाणी लाकूड राखतं,
कुजवतं ते गोडं.
पाण्याखाली बोर्गहिल्ड ठणठणीत.
वरून जे थेंबाथेंबाने, न विचारता झिरपतं,
ज्याच्यासाठी आपण ओंजळ पुढे करतो,
तेच आतून खातं.

(मला एक लग्न आठवलं. ते असो.)

कण्यातला एक बोल्ट उपसून काढला.
मध्ये बारीक झालेला,
चघळून ठेवलेल्या खडीसाखरेसारखा.
असे अकरा बदलायचे, आस्लाकने वहीत लिहिलं.
आकडा ऐकून मी चहा मागितला.

मालक एइविन्द. त्याने काही लपवलं नाही.
दोन बरगड्यांमधलं झाकण उचलून दाखवलं:
आत मीठ. जाडं, करडं, दमट.
बांधणाऱ्यांनी भरलं होतं, तो म्हणाला,
पाऊस शिरलाच तर वाटेत खारट व्हावा.
दर वसंतात ते थोडं खाली बसतं, वर घालायचं.
खाल्ल्या मिठाला जागलेली बोट
मी पहिल्यांदाच पाहत होते.

पैसे देण्याआधी एक रात्र झोपू दे, म्हटलं.
पाणी उपसणारा पंप स्वतःहून चालू होतो,
तो किती वेळा चालतो ते मोजायचं होतं.
पडून राहिले. गुडघा ठणकत होता.
दोरखंड कण्हत होते, डोक्यावर पाऊस,
आणि एक थेंब, नेमका उशीच्या डाव्या कोपऱ्यावर.
एक वाजता पंप घरघरला.
नंतर पाचला.
मध्ये मला झोप लागली असावी,
तेव्हा कदाचित तीनदा. खरं सांगायचं तर
मोजणं मी मध्येच सोडलं होतं.

सकाळी एइविन्दने चाव्या दिल्या,
किटली मात्र काखेत धरून उतरला.
धक्क्यावरून मागे वळून पाहिलं नाही,
किंवा पाहिलं असेल, मी उशी वाळत घालत होते.

दुपारी दुकानात पंचवीस किलोचं पोतं उचललं.
गल्ल्यावरची पोरगी म्हणाली,
‘एवढं मीठ? मासे खारवणार?’
‘नाही,’ मी म्हटलं,
‘घराला घालायचंय.’