राजेंद्रनगर, दुसरा मजला

तक्रार क्रमांक लिहून घेतला, चपला काढल्या.
टिल्लू सर दारातच म्हणाले, "आधी गच्ची."
टॉवर समोरच. तीन पांढरे ड्रम,
एका ड्रमवर कावळा.

तिपाई लावली, मीटर छातीच्या उंचीवर.
सहा मिनिटांची सरासरी घ्यायची असते,
तेवढा वेळ माणसानं बाजूला व्हायचं,
अंग लहरी शोषतं, आकडा बिघडतो.
सर टाकीमागे जाऊन उभे राहिले,
वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे.
चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं त्यांनी.

आकडा मर्यादेच्या खाली. खूपच खाली.
मी दोनदा वाचून दाखवला.
"म्हणजे नाहीच, असं नाही."
नाहीच असं नाही, मी म्हटलं.

मग घरात. दोन वाट्या, कापसावर मेथी,
एक राउटरशेजारी, एक पार स्वयंपाकघरात.
वहीत तारखा, उंची मिलिमीटरमध्ये,
रेघा पट्टीनं मारलेल्या.
स्वयंपाकघरातली मेथी ताठ, हिरवी.
राउटरजवळची निम्मी, पिवळट, मान टाकलेली.
"हे बघ," सर म्हणाले.
आवाज जिंकल्याचा नव्हता.

मी दोन्हीकडे मीटर धरला, नोंद केली.
मग का कोण जाणे, कापसाला बोट लावलं.
तिकडचा ओला होता.
इकडचा कागदासारखा.

सर बराच वेळ वाटीकडे पाहत राहिले.
"नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं," म्हणाले,
आणि ते वाक्य स्वतःच खोडलं.
"त्या कोपऱ्यात मी थांबत नाही गं.
लांबूनच शिंपडतो. घाईत."
वही उघडली, समासात बारीक अक्षरात लिहिलं:
माझा हात. हा धरलाच नव्हता.

खिडकीखाली फरशीवर चार गोल डाग होते,
पलंगाच्या पायांचे. पलंग नव्हता.
"मागचं मोजता येतं का?
समजा, सहा वर्षांपूर्वीचं, इथलं, या उंचीवरचं?"
त्यांनी तळहात आडवा धरून दाखवला,
निजलेल्या माणसाएवढा.

नाही सर, मी म्हटलं.
याच्यात काल नसतो.

तिपाई मिटवत होते, तेवढ्यात पिशवीत फोन वाजला.
मीटर बंद करायचा राहिला होता,
आकडा एकदम चढला,
गच्चीवरच्यापेक्षा कितीतरी वर,
दिवसभरातला सगळ्यात मोठा.
आम्ही दोघांनी तो पाहिला.

"उचल," सर म्हणाले,
"घरचा असेल."