दुसरा गोली

जर्सी सोळा होत्या, माझी सोळावी.
बाकीच्यांच्या निळ्या, आम्हा दोघा गोलींच्या पिवळ्या.
माझ्या पाठीवरच्या 16 मधल्या सहाचं शेपूट
दुसऱ्याच धुण्यात निघालं, मग तो शून्य दिसायला लागला.
म्हणजे लांबून मी दहा नंबर, टीमचा हिरो.
बावकरमामा म्हणाले, चिकटवून देतो.
जानेवारीपर्यंत म्हणत होते.

पहिला गोली इर्शाद, मदनपुऱ्याचा.
आठ बोटं कधी ना कधी मोडलेली,
तरी बॉल असा घ्यायचा
जसं शेजारणीचं बाळ कडेवर घ्यावं,
रडू न देता.
त्याच्याकडे बघून मी गोलकीपिंग शिकलो,
आणि हेही, की ते मला येणार नाही.

माझ्याकडे पाण्याचा ड्रम, बर्फ,
क्रॉस मैदानाच्या कडेच्या भय्याकडून दोन डझन केळी
(सर बिल बघायचे, डागही मोजायचे).
कुणी पडलं की स्प्रे घेऊन धावायचं.
आत जाताना टाळ्या वाजायच्या, लंगडणाऱ्यासाठी.
मी त्यातल्या थोड्या ठेवून घ्यायचो.

पहिली मॅच शून्य-चार.
दुसरी शून्य-तीन. सर म्हणाले, सुधारणा आहे.
तिसरीत निनाद भंडारेचा कॉर्नर
वाऱ्यानं वळून थेट जाळ्यात गेला.
तो अजून सांगतो, मुद्दाम मारला.
असेल.
त्या संध्याकाळी उसाच्या रसवाल्यानं
सोळा ग्लासांचे बत्तीस अर्धे करून दिले
आणि आम्ही दोनदा जिंकल्यासारखे प्यालो.

मग टीम गळायला लागली, रात्री नळ गळतो तशी,
सकाळी बादली बघितल्यावर कळतं.
ऑस्वल्डचा घोटा.
तेजसची हजेरी एकेचाळीस टक्के, हॉल तिकीट अडकलं.
नंदाखालचे डाबरे जुळे
बहिणीच्या लग्नाला गेले ते लग्नातच राहिले.
डिसेंबरात इर्शाद भिवंडीच्या गोदामात नाइटला लागला.
ग्लव्ह्ज माझ्या हातात ठेवून म्हणाला,
डाव्या अंगठ्याची शिवण उसवली आहे, संभाळ.

मी ती शिवली. आईच्या सुईनं, दुहेरी दोऱ्यानं.
रात्री घालून झोपलोसुद्धा, कुणाला सांगू नका.

शेवटची मॅच परळला, सकाळी साडेआठ.
आठ पंचवीसला गेटमधून इर्शाद आला,
डोळे लाल, शर्टावर कुठल्याशा पार्सलचं लेबल.
सरांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
मी ग्लव्ह्ज काढले. बोलण्यासारखं काही नव्हतं.
पण मोजलं तर त्याला धरून नऊच भरले.
तू लेफ्ट बॅक जा, सर म्हणाले,
पाय असतात ना तुला?

ऑस्वल्डची जर्सी घातली. तिला बामचा वास होता.
एक तास मी बॉलच्या मागे,
बॉल माझ्या मागे, आमची गाठ पडेना.
सत्तराव्या मिनिटाला इर्शाद पुढे आला आणि फसला,
बॉल त्याच्या डोक्यावरून, रिकाम्या गोलकडे,
आणि लाइनवर मी एकटा.

पाय आठवलेच नाहीत.
मी उडालो, उजवीकडे, पूर्ण लांबीनं,
आणि दोन्ही उघड्या हातांत
बॉल येऊन बसला.
बाळासारखा.

क्षणभर मैदानात कुणी श्वास घेतला नाही.
मग शिट्टी. मग लाल कार्ड.
सर डोकं धरून खाली बसले.
बाहेर जाताना इर्शाद जवळ आला,
चिखलाचा पंजा माझ्या मानेवर ठेवून पुटपुटला,
साले, पकडा मस्त.

पेनल्टी मी बघितली नाही.
केळ्यांच्या पिशवीशी बसलो होतो, पाठ करून.
ओरडण्यावरून कळलं.

जिमखान्याच्या रजिस्टरात
मामांनी तारीख घातली, निकाल घातला,
आणि सबंध सीझनमध्ये पहिल्यांदा माझं नाव.
शेऱ्याच्या रकान्यात, ठळक अक्षरात:
चेंडू हाताने अडवला.

बाकीचं झाकून तेवढंच वाचलं
तर गोलीबद्दल लिहिलंय असं वाटतं.