मधली खुर्ची

आमच्या चिचेवात गरोदर बाईला म्हणतात,
तिच्यापाशी 'पकाती' आहे.
पकाती म्हणजे मध्य. मधोमध.
कशाच्या मध्ये, ते कुणी सांगत नाही.
मी दुभाषी. माझी खुर्चीही तिथंच.

पहिल्या वर्षी राइलीबाई आल्या, ओउलुहून,
चौदा खोकी, भिंतभर नकाशा,
आणि एक शब्द घेऊन : लाभार्थी.
मी तो कसाबसा चिचेवात आणला.
फालेसी, जिच्या हातांवर अर्धा किनारा जन्मला,
म्हणाली, "मला काय मिळालं म्हणतेय ही?"
ते वाक्य मी पलीकडे नेलं नाही.
"आभार मानतेय," म्हणाले.
खोटं. मला रोजावर पैसे मिळत होते.

प्रतीक्षागृह उठलं. निळे पत्रे,
बारा खाटा, बारा मच्छरदाण्या.
पावसाळाभर तिथं शेळ्या राहिल्या.
बायका घरीच बाळंत झाल्या, नाहीतर वाटेत.
एस्नार्ट होडीत झाली.
होडी काठाला लागली तेव्हा वल्हेकऱ्याच्या अंगात सदरा नव्हता,
सदऱ्यात गुंडाळलेलं
रडत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी राइलीबाई रिकाम्या हातांनी आल्या.
एवढंच विचारलं,
"शेळ्यांना आवडलं, ते तुम्हाला का नाही?"
सगळ्या हसल्या.
मग हसू विरलं, आणि बोलणं आवरेना :
चूल कुठाय? सोबत आलेल्या आईनं
लापशी शिजवायची कशावर?
दाराला आतून कडी का नाही?
संडासापर्यंत रात्री अंधार, आणि तरस.
फालेसी शेवटी उठली.
"कळा सोसणारीचा हात मी फाटकापर्यंत धरते.
फाटकात तुम्ही तो सोडायला लावता."
या खेपेला मी एक शब्द गाळला नाही.
शिवीसुद्धा नेली, जशीच्या तशी.

राइलीबाई लिहीत होत्या. मग पेन खाली ठेवलं.
"माझ्या बाळंतपणात खोली फार स्वच्छ होती,
जवळ कुणी नव्हतं."
हे अलीकडे आणायला मला वेळ लागला.
फालेसीनं हळूच विचारलं,
"का गं, सगळे वारले होते का हिचे?"

चूल झाली. कडी इथल्याच लोहारानं केली,
जरा वाकडी, पण लागते.
फालेसी आता आत असते, उशाशी,
राइलीबाई पायाशी.
कुणी कुणाला बाजूला सारत नाही,
भांडतात मात्र रोज, माझ्यामार्फत.
जनरेटर रुसतोच. रक्त अजून जिल्ह्याहून येतं,
रस्त्याच्या मनात असेल तर.
फेब्रुवारीत लुसियाना गेली. बाळ जगलं.
वहीत तिच्या नावापुढं 'कारण' असा रकाना आहे.
दोघींनी मिळून लिहिलं : रस्ता.

यंदा फालेसीचा पासपोर्ट आलाय.
तीन आठवडे ओउलुला,
तिथल्या सुइणींना दाखवायला,
काही न करता बाईजवळ कसं बसायचं ते.
दोन चितेंजे जास्तीचे बांधलेत तिनं, थंडीसाठी.
काल विचारत होती,
"तिथल्या बायका ओरडतात का गं?
ओरडल्या, तर चालतं का?"

मी अजून उत्तर आणलेलं नाही.