खाली

महिनाभर ती खट् करत होती, रोज नव्हे.
रोज करती तर बरं होतं.
सिमरोलचा घाट उतरून, चोरलच्या अलीकडे
नाक्याशी थांबून पुन्हा निघताना
सीटच्या मागून, माझ्या माकडहाडाच्या जरा खालून
एकदा, खट्.
कुणीतरी कडी लावून निघून गेल्यासारखं.

ऑफिसात सांगितलं. सरकारी जीप आहे, वाजणारच.
ड्रायव्हरची जागा तीन वर्षं भरलेली नाही,
तेव्हा ऐकायला मी एकटीच.
देवास नाक्यावरच्या वर्कशॉपातल्या पोरानं
काचा चढवून एक चक्कर मारली.
“मॅडम, कधी कधी कानात असतं.”

कानात असतं.
वीस वर्षं मी गाईच्या डाव्या कुशीला नळी लावून उभी राहते,
दोन मिनिटांत कोटीपोट तीनदा कूस बदलतं की नाही
ते मोजत. याच कानांनी.

लोहामंडीच्या मागे इसरार मिस्त्रीचा खड्डा आहे.
त्यानं आधी विचारलं, बरंच.
गरम झाल्यावर की गार असताना?
चारही चाकं लावून की दोनच?
गॅस सोडताना की देताना?
मी म्हणत गेले: हो, बहुतेक, म्हणजे तसंच काहीतरी.
गोठ्यात मला मिळतात ती सगळी उत्तरं
मी त्याला दिली.

पुढचा शाफ्ट उतरवून त्यानं भिंतीला टेकवला.
तेजाजीनगरपर्यंत गेलो, आलो. शांत.
शाफ्ट असताना शांत, नसताना शांत,
म्हणजे कळलं काय? काही नाही.
मग सियागंजातून साडेसहाशेचा क्रॉस.
चार दिवस मी लोकांना इसरारचा पत्ता देत सुटले.
पाचव्या दिवशी चोरल.
खट्.

पुढच्या खेपेला स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाशी,
टोक ट्रान्सफर केसवर, डोळे मिटलेले.
बेअरिंग गुणगुणत होतं, तब्येतीत.
तो बराच वेळ खड्ड्यातून वर आला नाही.
मग आवाज आला:
“मैडम, गाड़ी आप खाली लाती हो क्या?”

मी वाकून खाली बघितलं.
खाली तर तोच होता, हातात बॅटरी.

दोन पिढ्या इंदुरात. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी,
आणि एवढासा शब्द
अजून माझ्या फाटकात अडकतो.
खाली. रिकामी.
रिकामीच आणत होते की!
मिस्त्रीकडे जायचं म्हणून आदल्या रात्री सगळं उतरवून,
नायट्रोजनचा जड पिंप, लशीच्या पेट्या, दोर,
वासरू ओढायच्या साखळ्या,
आणि वर झाडून पुसून, बघायला येणार असल्यासारखी.

“भरके लाओ.”

भरून नेली. पिंपाला टेकून इसरार मागे आडवा,
पत्र्याला कान. घाट, नाका, ब्रेक, क्लच.
खट्.
त्यानं तळहातानं पत्र्यावर दोन थापा मारल्या.
इतकं कुणी माझं म्हणणं उचलून धरलं नव्हतं.

ओझं आलं की पाटे बसतात,
मागचा शाफ्ट आपल्या नळीत बोटभर आत सरकतो,
तिथे ग्रीस वाळलेलं, दाते झिजलेले,
तिथे तो रुततो, आणि निघताना झटका देऊन सुटतो.
रिकाम्या गाडीत तिथवर पोचतच नाही.
त्यानं ग्रीस भरलं, म्हणाला, नळी बदलावी लागेल, बजेट आलं की.
क्रॉसचे पैसे कुणाच्या अंगावर, ते दोघांनाही ठरवता येईना.
अर्धे अर्धे केले.

आठ दिवस झाले, खट् नाही.
याचा अर्थ मी अजून काही लावलेला नाही.

काल भेरूलालची म्हैस. कधी कधी लंगडते, म्हणे.
अंगणात चारी पायांवर समसमान उभी,
रवंथ करत माझ्याकडे बघणारी.
मी खूर उचलला, सांधे दाबले. शांत.
भेरूलाल ओशाळला. “आता बघा, नाटकं करते.”
लंगडते कुठून येताना, विचारलं.
“नदीवरून. पाणी पिऊन.”
पोट भरून, चढावर.

पिशवी बंद केली.
म्हटलं, सोड तिला. चल, नदीवर जाऊ.