गुरुसिद्धव्वाची वाटी

रविवार. तू सकाळीच यायचीस दवाखान्यातून,
पण बदलीची सिस्टर आली नाही,
आता दोन वाजणार.
मी कोंबडी घेऊन चौथ्या गेटवर उभा.
मालगाडी डबे मोजू देईल इतकी सावकाश,
आणि पिशवीत काय आहे
हे अनगोळच्या सगळ्या मांजरांना ठाऊक.

उद्यमबागेत भट्टीवर एकवीस वर्षं काढली.
लोखंड ओतण्याजोगं झालं की नाही
मी रंगावरून सांगतो, मीटर मागनं येतो.
पण कांदा गुलाबी म्हणजे किती गुलाबी,
हे विचारायला तुला वॉर्डात फोन लावावा लागला.
तू कुजबुजलीस, "पाळण्यातल्या पोराच्या टाचेएवढा."
मागं कुणाची तरी घंटी वाजली.
फोन बंद.

घरी आपला नेहमीचा रस्सा :
तांबडी चटणी, वर तर्री, नाकाला पाणी.
पण सुगंधाच्या साखरपुड्यादिवशी त्या हॉटेलात
केशरी, दाटसर असं काहीतरी आलं होतं
आणि तू इकडं तिकडं बघून
वाटी बोटानं पुसून खाल्लीस.
मी बघितलं होतं. बोललो नव्हतो.

कोंबडी दह्यात मुरत ठेवली. हळद, आलं, लसूण.
चंदगडाहून तुझ्या भावानं धाडलेले काजू,
पाकळ्याच, अख्खे ते विकतात,
कोमट पाण्यात भिजवून वाटले.
मिक्सर दोनदा तापला.
कामावर नव्या पोराला थांबवतो तसं
त्याला जरा बसवून ठेवलं.

साय मात्र कुठनं आणायची?
पिशवीच्या दुधाला ती धरते ती
पत्र लिहायच्या कागदाएवढी.
कुंपणापलीकडं गुरुसिद्धव्वाची म्हैस.
आपल्याकडं फोडणी पडली की
ती आपल्या बाजूची खिडकी लावून घेते.
रागानं नाही. तिच्या पूजेची वेळ असते.
चारला उघडते आणि विचारते, "ऊट आत्री?"

तिचं भांडं आपल्या शेगडीशी यायला नको
म्हणून मी घरची वाटी घेऊन गेलो.
"केने बेकागित्तु," म्हटलं.
माझं कानडी कारखान्याच्या फाटकाएवढं,
आत-बाहेर करायला पुरतं.
"येन माडाकत्तीरी?"
खीर म्हणणार होतो. जीभ वळली नाही.
"कोळी," म्हटलं.
आपल्यात कोळी जाळं विणतो,
त्यांच्यात आरवतो.

तिनं माझी वाटी बघितली, कट्ट्यावर ठेवली,
आणि स्वतःच्याच वाटीत साय काढली, काठापर्यंत.
"तोळदु कोड्री, साक."
धुऊन द्या, पुरे.

थंड साय गरम रश्शात एकदम सोडली तर फुटते,
हे तू मागं कधीतरी सांगितलेलं.
म्हणून आधी दोन पळ्या रस्सा सायीत घातला,
जरा ओळख होऊ दिली,
मग गॅस बारीक करून हळूहळू धार.
साच्यात धार सोडताना माझा हात हलत नाही.
आज हलला.
लाल रंग उतरत उतरत तिथं आला
जिथं भट्टी विझवताना शेवटी येतो,
आणि थांबला.

तू आलीस अडीचला.
चप्पल पायातच, झाकण उघडलंस, बोट बुडवलंस.
"मीठ?"
मीठ राहिलंच होतं.
तू चिमटीनं घातलंस, ढवळलंस, काही बोलली नाहीस.
भाकरी मोडलीस.
चौथ्या घासाला तुझे डोळे मिटायला लागले,
तरी हात ताटाकडं जातच होता.

आता झोपलीस. उजवा हात उशीबाहेर,
धुतलेली बोटं अजून पिवळी.
मी वाटी तीनदा धुतली, एकदा चिंच लावून.
उन्हात पालथी घातली. हुंगली. पुन्हा धुतली.
रिकामी कशी द्यायची?
काजू भरले. पाकळ्यांत हुडकून
चार अख्खे सापडले, ते वर.

खिडकीची कडी वाजली.
"ऊट आत्री?"
"आत्री," म्हटलं, वाटी पुढं करत.
मी अजून जेवलो नव्हतो.