एकल मालकी

हॅलिफॅक्स. नोव्हेंबर. दुपारी चारलाच
कॉलेजच्या खिडक्या काळ्या.
फळ्यावर मी धंद्याचे तीन प्रकार लिहिते
इंग्रजीत; डोक्यात उमटतात ते मराठीत :
एकल मालकी, भागीदारी, मर्यादित कंपनी.
सतरा वर्षांची पोरं, अर्धी झोपेत.
कुणीतरी बाकाखाली चिप्सचा कागद चुरगाळतंय
आणि व्हिनेगरचा वास सगळ्या वर्गाच्या मालकीचा.

"मिस, लिमिटेड म्हणजे कमीच ना?
मग लोक पाटीवर एवढं मिरवतात कशाला?"
ओवेन विचारतो.
मी सांगते, मर्यादा म्हणजे उंबरा.
कंपनी बुडाली तर देणेकरी दुकानभर हिंडतो,
पण घराच्या उंबऱ्याशी थांबतो.
एकल मालकीला उंबरा नसतो.
तो सरळ आत येतो, फ्रीज उघडून बघतो.

वर्ग हसतो.
मला इचलकरंजी आठवते : बाबा आणि दत्तूकाका मगदूम,
आठ-आठ आणे भागी, सहा माग,
करार तोंडी, साक्षीला चहा.
दत्तूकाकांनी परस्पर उधारीवर सूत उचललं,
आणि ते फेडता फेडता आमची लुना गेली.
अंगणात तिच्या तेलाचा डाग तेवढा राहिला,
आई रोज त्यावरून सडा घालायची.
हे उदाहरण पुस्तकात नाही.
मीही देत नाही.

पुढच्या आठवड्यात धंद्याची कामं :
खरेदी, कारागिरी, विक्री, जाहिरात, हिशेब, माणसं.
एका खऱ्या धंद्याचा तक्ता काढायचा,
चौकटीत काम, खाली करणाऱ्याचं नाव.
बेथनी ग्रीनवुडने आईचा गाळा घेतलाय,
मार्केटातला, किल्ल्या आणि बुटांच्या टाचा.
सहा चौकटी, पट्टीने आखलेल्या.
सहाही चौकटींत एकच नाव : मम.
सातवी ठिपक्यांची : मी, फक्त शनिवारी.

मम.
आमच्याकडे याचा अर्थ माझं, असं
तिला सांगायला जाते आणि राहून जातं.

मग वर्षभराचा रोखीचा अंदाज.
ऑगस्ट मंदा, कारण सँडलला टाच कोण लावतं.
डिसेंबरात पट्टे, घड्याळांचे सेल.
पोरीला धंदा कळतो.
भाडं आहे, वीज आहे, विमा आहे,
पितळेच्या कोऱ्या किल्ल्यांचे पेटारेसुद्धा आहेत.
मालकाने स्वतःसाठी काढलेली रक्कम :
बाराही घरं रिकामी.
"एवढं राहिलं बघ."
"राहिलं नाही, मिस. ती घेत नाही.
उरलं तर बघू, म्हणते."

बारा रिकामी घरं. इदं न मम.
मी हिरव्या पेनने समासात लिहिते :
मालकाची मेहनत फुकट धरू नये, नफा खोटा दिसतो.
वाक्य बरोबर आहे.
तरी घरी जाईपर्यंत ते खोडावंसं वाटत राहतं.

शनिवारी मी किल्ली करून घ्यायला जाते, मुद्दाम.
बाई ठेंगणी, नखांत पॉलिश, मनगटापर्यंत पितळेची धूळ.
यंत्र किंचाळून थांबतं.
"बेथच्या मिस ना तुम्ही? राहू द्या पैसे."
मी सहा पौंड मोजून ठेवते.
"ही विक्री आहे," म्हणते, "नोंदवा."
ती हसते, लेकीसारखीच, एका गालाने.
"मला पगार चालू करायला सांगितलंत म्हणे.
मागायचा कुणाकडे, ते नाही सांगितलं."

बेथनी मागे बूट पुसतेय,
मान वर करत नाही, कान लाल.

घरी येते तर किल्ली अर्ध्यावर अडते.
परत डोंगर उतरून मार्केटात.
ती काही विचारत नाही, उजेडाशी किल्ली धरते,
कानस दोनदा फिरवते, फुंकर मारते,
अंगठ्याने दात चाचपते, पुन्हा एकदा कानस.
"याचे किती?"

तोवर तिने दुसऱ्याच कुणाचा
उसवलेला बूट उचललेला असतो,
आणि ओठांत तीन खिळे.